बेकरीच्या मागची खोली

सोम. ३ मार्च
सई प्रिश्तिनाला पोचली. सहा महिन्यांचं काम. कोसोवो हा देश तिच्यापेक्षा वयाने लहान. मी नकाशात शोधला. सध्या हॉस्टेलवर, खोली शोधते आहे. बजावलं: गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि उठल्या उठल्या मला मेसेजमध्ये एक टिंब पाठवायचं. शेवटची फीट दिवाळीत. बाथरूमचं दार ह्यांनी खांद्याने फोडलं होतं.

गुरु. ६
खोली मिळाली, एका शिक्षिकेच्या घरात. पत्ता विचारला तर म्हणे, "नंबर कोणी वापरत नाही, आई. बेकरीच्या मागे, हिरवं फाटक. टीचर द्रिता म्हटलं की कुणीही दाखवतं."
"अँब्युलन्सला हेच सांगणार?"
"दे विल नो द बेकरी."
इथे पापाकुरात, जगाच्या या टोकाला, आमच्या घराचा पत्ता मोठ्या अक्षरात फ्रिजवर लावलाय, अँब्युलन्सला सांगता यावा म्हणून, तिच्यासाठीच. हे हसले. "तुझ्या माहेरचा पत्ता काय होता? गिरणीसमोर." हसण्यासारखं काय त्यात.

रवि. ९
व्हिडिओवर खोली पाहिली. स्वच्छ. दाराला आतून जाड कडी. "घरमालकिणीला फीटचं सांगितलंस?" म्हणे, "सांगितलं तर खोली जाईल. तूही सांगायचं नाही. प्रॉमिस." दिलं. द्रिताबाईंचा नंबर मात्र मागून घेतला.

मंगळ. ११
टिंब आलं. तिची सकाळ म्हणजे इथली रात्र. मग जेवले. हे म्हणतात, टिंबाला उशीर झाला की मी भांडी आपटते.

शुक्र. १४
टिंब नाही. तिकडे उजाडून बराच वेळ झाला. रिंग जाते, उचलत नाही.
हे म्हणाले, "झोपली असेल."
आतून कडी लावून.

शब्द मोडला. द्रिताबाईंना फोन केला. त्यांचं इंग्रजी सावकाश, शाळेतलं. म्हटलं, मुलीला फिट्स येतात, दार फोडा.
"दार उघडंच आहे," त्या म्हणाल्या. "परवा तिनेच मला सांगितलं. कडी मी त्याच संध्याकाळी काढली."
क्षणभर बरं वाटलं.
"पण ती खोलीत नाही. फोन पलंगावर आहे. कोट खुंटीला."
तिथे अजून थंडी आहे.
म्हणाल्या, फोन ठेवू नका, बेकरीत विचारते.

फोन टेबलावर, स्पीकर चालू. हे उभेच आहेत. हाताला काही तरी हवं म्हणून लिहिते आहे. जिना. फाटक. गाड्या. बाई कुणाला तरी विचारतायत. मला त्यातलं एवढंच कळतं: सई. आता एका पुरुषाचा आवाज तेच नाव घेतोय, घाईघाईने. पेन ठेवते.