सासरेबुवांनी सांभाळलेलं घड्याळ

ती. मामा,

लवून नमस्कार. (नावेच्या खोलीत ताठ उभं राहता येत नाही, त्यामुळे इथे सगळं लवूनच चालतं.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? मी आणि सासरेबुवा ठीक आहोत. कुठे आहोत ते विचारू नका.

तुम्ही दुकानातून काढून दिलेलं घड्याळ चालू आहे. रोज तीन सेकंद मागे पडेल पण इमानाने पडेल, काट्यांना हात लावायचा नाही, चूक धरून हिशेब करायचा, ही तुमची ताकीद मी पाळली. सूर्याची उंची मोजायची, घड्याळ बघायचं आणि नाव पूर्व-पश्चिम कुठवर आली ते काढायचं. चार सेकंद चुकली की मैलभर चुकलो. पण नावेत सासरेबुवा असणार हे आपण दोघांनीही धरलं नव्हतं. हिची बेटावरच्या दवाखान्यात बदली झाली, बाबांना घेऊन या म्हणाली, म्हणून त्यांना घेऊन निघालो. निवृत्त मुख्याध्यापक ते. मागे पडणारं काही त्यांना बघवत नाही. (त्यात मीही आलो.)

काल बेट दिसायला हवं होतं. दिसलं पाणी. पुन्हा आकडेमोड केली, तरी पाणीच. तेव्हा सासरेबुवा मायेने म्हणाले, "जावईबापू, घड्याळाची काळजी सोडा. रोज सकाळी माझ्या मनगटावरच्याशी जुळवून ठेवतो मी ते." मी पेन्सिल खाली ठेवली. तुमचं कशाशी जुळवता, विचारलं.

"रोज रात्री, नावेतल्या घड्याळाशी."

मामा, दोन्ही घड्याळं आता एकमेकांच्या भरवशावर सुखात आहेत आणि मी हवालदिल आहे. रेडिओ भिजून गप्प झालाय, पिण्याचं पाणी पिंपाच्या तळाशी गेलंय. त्यांना मी सुखरूप नेईन असं हिला सांगून बसलोय. खरंच भीती वाटते.

तुमचा,
भाचा

ता. क. देवासारखी मासेमारीची बोट भेटली. पाणी दिलं, बेट मागे राहिलं म्हणून वाट दाखवली, पत्रही टाकणार आहेत. आता मुद्द्याचं. उशीर का झाला म्हणून ही तुम्हालाच विचारेल. घड्याळच खराब निघालं असं सांगाल का? तुमच्या दुकानाला हे फार लागेल, कळतंय. पण बाबांमुळे झालं असं तिच्या कानावर जायला नको.

आ. ता. क. (सासऱ्यांच्या हातचं) वरचं वाचलेलं नाही, जागा दिसली म्हणून लिहितो. आपलं घड्याळ खराब आहे, रोज मागे पडतं. मी होतो म्हणून निभावलं.