संबंध किती दाट?

प्रिय धाकटे,

सप्रेम आशीर्वाद. तुझी तब्येत बरी आहे असं धरून चालते. (नऊ वर्षांत काही कळवलं नाहीस, तेव्हा धरूनच चालावं लागतं.) तुझ्या यजमानांना नमस्कार. माझा रक्तदाब औषधांच्या हवाली आहे. राग अजून गेलेला नाही, तरी लिहिते आहे.

तुझ्या भाचीला संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आहे, म्हणजे लागता लागता अडकली आहे. अशा नोकरीआधी सरकार घरादाराची चौकशी करतं: परदेशात नातेवाईक कोण, नागरिकत्व कुठलं, संबंध किती दाट. पोरीने अर्जात सगळं खरं लिहिलं. मावशी परदेशी नागरिक, तिचे यजमान तिथल्या सरकारी बंदरात कामाला, ‘आई आणि मावशी नऊ वर्षे बोलत नाहीत.’ हे शेवटचं मला सांगितलं नाही. (“तुला राग आला असता,” म्हणे. आलाच असता.)

मंगळवारी चौकशी अधिकारी घरी आले. सरळ भांग, दाराबाहेर जोडून ठेवलेले बूट. चहा नको म्हणाले, पाणी घेतलं. नेमक्या तेव्हाच शेजारच्या डॉक्टरीणबाई वर्तमानपत्र परत करायला आल्या आणि ऐसपैस बसल्या. एकांतात बोलू या का, असं त्या गृहस्थांनी विचारलंही. मी म्हटलं, आमच्या घरात लपवण्यासारखं काही नाही. मग त्यांनी विचारलं, “बहिणीशी बोलणं होतं का?”

आता त्या बाईंसमोर मी काय सांगायचं होतं? की माझ्या निवृत्तीच्या समारंभात, साठ माणसांपुढे, सख्ख्या बहिणीने माईक घेऊन सांगितलं, “ताई गणितात नापास झाली तेव्हा प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मी ठोकली”? मी म्हटलं, “बोलणं म्हणजे काय, दर रविवारी तासभर फोन असतो! भाचीवर तर भारी जीव.” टेलिफोन एक्स्चेंजात तेहेतीस वर्षं नोकरी केली आहे, हेही ऐकवलं. (कॉन्व्हेंटात सिस्टरांनी खोटं बोलायला शिकवलं नाही. त्यामुळेच बहुधा मी ते गरजेपेक्षा जास्त बोलले.) त्यांनी लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली.

परवा पोरीला बोलावणं आलं. मावशी परदेशी असल्याची फारशी अडचण नाही म्हणाले. उघड सांगितलंय, तपासता येतं. अडचण ही की मुलगी एक सांगते आणि आई दुसरंच. मग लपवतंय कोण? महिनाअखेरपर्यंत खुलासा हवा, नाहीतर फाइल बंद. पोरगी माझ्यावर ओरडली नाही. “आई, एरवी एवढी फटकळ असतेस, नेमकी तेव्हाच कशी गं गोड झालीस?” एवढंच म्हणाली आणि न जेवता खोलीत गेली.

मी खोटं बोलले असं लेखी दिलं आहे. डॉक्टरीणबाईंनाही तोंडाने सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला ठाऊक होतं हो. भिंती पातळ आहेत, तुमचा फोन रविवारी कधी वाजतच नाही.”

तुझी,
ताई

ता. क. माझ्या एकटीच्या शब्दावर आता त्यांचा भरवसा नाही. तुझं पत्र लागेल: आपण बोलत नाही, कधीपासून आणि कशावरून. मोघम लिहू नकोस. सही या वेळी स्वतःची कर.

आणखी एक ता. क. पोरगी आत्ताच म्हणाली की हे पत्र टाकलं की तोही संपर्कच, तो कळवावा लागेल. तुझं उत्तर आलं की तेही. म्हणजे संबंध नाहीत हे सिद्ध करायला गेलं की ते सुरू होतात! असला कारभार. तेव्हा पाकिटं दोन कर. एकात सरकारसाठी भांडण लिही, दुसऱ्यात माझ्यासाठी बाकीचं सगळं. पोरगी दोन्ही कळवायला तयार आहे.