मी बंद केलेली सोय

१२ मार्च, दुपार

चि. धाकटे,

तुला आणि तुझ्या घरच्यांना माझे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गुडघ्यांची कुरकुर असतेच, मी तिच्याकडे लक्ष देत नाही. तुझी वहिनी विचारते, "बहिणीला पत्र लिहायला आठ महिने लागले, पेन शोधत होता का?" घे, हसून घे.

तीन कागद फाडून मुद्द्यावर येतोय.

गेल्या खेपेला तू आली होतीस तेव्हा आई तिच्या सुईणपणाच्या हकिकती सांगत होती आणि तू पुढच्या खोलीतल्या माझ्या छपाईच्या कॉम्प्युटरवर त्या उतरवत होतीस. पहिल्याच दिवशी विचारलंस, "दादा, मधेच वीज गेली तर?" मी ऐटीत म्हणालो, "बिनधास्त लिही. हा आपणहून जपून ठेवतो. परत चालू केला की जसंच्या तसं पुढ्यात." माझ्या शब्दावर तू नऊ दिवस ती फाइल एकदाही हाताने सेव्ह न करता उघडीच ठेवलीस.

आठव्या दिवशी तू आईला न्हाऊ घालत होतीस, तेव्हा मी मशीनपुढे बसलो. जिकडेतिकडे मूळ फाइलीशेजारी तिच्याच नावाची, शेपूट लावलेली दुसरी फाइल. माझा जन्म छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेला. छापून झालं की खिळे आपापल्या खणात, टेबल स्वच्छ. तो पसारा मला खुपला. सेटिंगमध्ये शिरून ती आपोआप जपून ठेवायची सोयच बंद केली, होत्या त्या शेपटाच्या फायली पुसल्या. तुला सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, यात सांगण्यासारखं काही आहे हेच मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी वीज गेली. आली तेव्हा पान कोरं. तू माझ्याकडे पाहिलंस. मला त्याच क्षणी उमगलं होतं. तरी वहिनीदेखत म्हणालो, "एवढी शिकलीस, साधं सेव्ह करता येत नाही?" तू पिशवी भरून निघालीस.

चूक माझी होती, धाकटे. तुझी नव्हती. वहिनीलाही आज सकाळी हे सांगितलं. ती उठून आत गेली.

आईला आता ते काही आठवत नाही. मी वही घेऊन बसतो, एखाद्या अडलेल्या बाईचं पुढं काय झालं विचारतो. ती वैतागते. "एकदा सांगितलंय ना धाकटीला? तिच्याकडे आहे सगळं. तिला विचार." मी मान हलवतो. ते गेलं, हे सांगायची माझी छाती होत नाही.

तुला आठवत असेल तेवढंच आता उरलंय. माझं तोंड बघायचं नसेल तर मी बाहेर जाऊन बसेन. पण ये, आणि तिच्याजवळ बसून कागदावर लिही.

आपली चूक तुझ्या माथी मारणारा,
तुझा दादा