तिसऱ्या बेसमागचा जाणकार

१२ एप्रिल, शनिवार

सीझन सुरू. पार्किंगच्या कोपऱ्यात अजून बर्फाचा ढीग. दोन स्वेटर, एक ब्रॅटवर्स्ट सॉसेज, वर भरपूर मोहरीची चटणी. आपले हेरॉन्स हरले. मी हे आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं. बर्नाडीन म्हणते, मी जिंकणार म्हणालो होतो. बायकोचं बेसबॉलकडे लक्ष नसतं.

यंदाचा निश्चय: आरडाओरडा बंद. इतरांच्या मतांचा आदर. तिसऱ्या बेसमागच्या बाकांवर माझ्या शब्दाला वजन आहे. ते जपून वापरायचं.

पुढच्या बाकावर नवा माणूस. व्हर्लिन स्कोग. शाळेत फिजिक्स शिकवायचा, रिटायर होऊन मुलीजवळ राहायला आलाय. सभ्य वाटला. मग नवा डावखुरा पिचर तेहादा मैदानात आला आणि हा हळूच म्हणाला, या पोराच्या हातात काहीतरी आहे. मला हसू आवरेना. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की हा चेंडू टाकत नाही, दोरीवरचे कपडे काढतो; आणि जूनपर्यंत टीममध्ये टिकला तर ग्लेन थिल्के हे नाव लावणार नाही. डोलोरेस, म्हणजे गायीची घंटा घेऊन येणारी आमच्या बाकावरची म्हातारी, ओरडली, "ऐकलं हं आम्ही!" ऐकावंच.

२७ एप्रिल

लाइनअपवरून चर्चा. पहिल्या नंबरला बॅटिंगला कोण? मी म्हटलं, पाय चालणारा हवा. साधी गोष्ट आहे. व्हर्लिन म्हणाला कोप्की. कोप्की! तो जाडा! पळायला लागला की मागच्या माणसाला मैदान दिसत नाही. तर हा म्हणतो, तो वाईट चेंडूला हात लावत नाही, चार सोडतो आणि फुकटात पहिल्या बेसवर जातो. पळत जा नाहीतर चालत जा, पोचल्याशी मतलब.

सगळे "हो की" म्हणाले. माझ्या वीस वर्षांत मला एकदाही कुणी "हो की" म्हटलं नाही.

२९ एप्रिल

मॅनेजरने कोप्कीला पहिल्या नंबरवर टाकला. जिंकलो. लोक व्हर्लिनची पाठ थोपटत होते. मी हेच म्हणणार होतो. फक्त त्या दिवशी तोंडात ब्रॅटवर्स्ट होता.

११ मे

क्लबला जुना लाकडी स्टँड पाडून काचेचा बांधायचाय. त्याविरुद्ध मी सहा वर्षं घसा फोडतोय. आज पेपरात व्हर्लिनचा फोटो. पत्रकाराला एकच वाक्य बोलला म्हणे: इथं बसलं की पिचर श्वास घेतो तोसुद्धा ऐकू येतो. बस. एवढ्यावर पहिलं पान! फोटोत डावीकडे माझं कोपर आलंय.

बर्नाडीनने फोटो कापून फ्रिजवर लावला. मी विचारलं, हा माणूस आपल्या फ्रिजवर कशाला? म्हणाली, "अरे, तुझं कोपर आहे ना त्यात."

८ जून

तेहादा अजून टीममध्ये. नुसता टिकला नाही, जिंकतोय. मी सगळ्यांना नीट समजावलं की तळ्याकडून वारा येतोय, त्यात त्याचे चेंडू वळतात, त्याचं कौतुक त्यात काही नाही. डोलोरेसने मध्येच विचारलं, "ते राहू दे. आता तुला हाक काय मारायची? हॅरल्ड चालेल?"

आता अख्खी रांग मला हॅरल्ड म्हणते. ब्रॅटवर्स्टवालासुद्धा. एकटा व्हर्लिन ग्लेन म्हणतो, तेही अगदी आदराने. सगळ्यात जास्त तेच झोंबतं.

२० जुलै

निर्णय: जागा बदलायची. पहिल्या बेसच्या बाजूला जाऊन बसलो. स्वतंत्र विचारांच्या माणसाला नवी जागा हवीच. तोंडावर ऊन. शेजारचं जोडपं तीन इनिंग किचनच्या फरशीवर बोलत होतं. तेहादावर माझं एक उत्तम निरीक्षण तयार होतं, पण सांगणार कुणाला? फरशीवाल्याला सांगितलं. त्याने विचारलं, तेहादा कोण?

चौथ्या इनिंगला परत आलो. म्हटलं, मैदान दुसऱ्या कोनातून तपासत होतो. माझ्या जागेवर पॉपकॉर्न ठेवलेलं. मी गेलो होतो हे कुणाला कळलंच नव्हतं. व्हर्लिनला कळलं होतं. त्याने थर्मासमधली कॉफी दिली. कॉफी चांगली होती, याचाही राग आला.

३ ऑगस्ट

वरच्या लीगची माणसं तेहादाला बघून गेली म्हणे. आनंद झाला. गेला तर विषय संपला.

४ ऑगस्ट

नाही नेला.

इथं कोण वाचतंय, म्हणून लिहितो. जळतो मी त्या माणसावर. वीस वर्षं मी त्या बाकावर घसा कोरडा केला, आणि हा चार महिन्यांत येऊन, आवाज न चढवता, माझी जागा घेऊन बसला. लोक आधी मागे वळून विचारायचे, "ग्लेन, आज काय होईल?" आता पुढे वाकून त्याला विचारतात. मला त्यांची डोकी मागून दिसतात.

निश्चय: सप्टेंबरपर्यंत तेहादा आपटेल. तोवर धीर धरायचा.

७ सप्टेंबर, रविवार, दुपारी

घरच्या मैदानावरचा शेवटचा गेम. तेहादा पिचिंगला. वही जाकिटात होती, स्टँडच्या पायऱ्यांवर बसून लिहितोय. बाकावर बसवत नाही.

झालं असं. नऊपैकी सात इनिंग झाल्या आणि पाहुण्यांना तेहादाने एकही हिट दिला नाही, म्हणजे त्याचा चेंडू मारून कुणी बेसवर पोचलं नाही. एकही! अख्खा गेम असा काढला तर पिचरचं आयुष्य बनतं. आणि असं चालू असताना ते तोंडाने बोलायचं नसतं. दृष्ट लागते. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. खेळाडू त्याच्या शेजारी बसत नाहीत, रेडिओवाला शब्द गिळतो. डोलोरेसने घंटा मांडीखाली दाबली. कुणी जागा सोडेना. बर्नाडीन पाचव्या इनिंगपासून पाय आवळून बसलेली.

व्हर्लिन मिरवत असता तर परवडलं असतं. पण तो गुडघ्यांत हात घालून नुसता बघत होता. मला पुढची पन्नास वर्षं दिसली. लोक विचारत राहणार: पहिल्याच दिवशी व्हर्लिन काय म्हणाला होता, ठाऊक आहे? आणि तो हॅरल्ड काय म्हणाला होता?

तेव्हा माझ्या तोंडून सहज निघून गेलं. सहज. जरा मोठ्याने. "अरे वा, पोराने अजून एकही हिट दिला नाही की!"

डोलोरेस म्हणाली, "मेल्या, जीभ झडली का नाही तुझी!" मागून कुणीतरी पनवती म्हणालं. बर्नाडीनने पर्स उचलली आणि दोन जागा पलीकडे जाऊन बसली. लग्नाला एकतीस वर्षं झाली, इतक्या लांब ती कधी बसली नव्हती.

व्हर्लिनने नुसतं वळून माझ्याकडे बघितलं. म्हणून पायऱ्यांवर आलो.

आता हिट बसणार. नक्की. मला हवा तसाच.

हवा का, ते आता कळेना.

संध्याकाळी

बसला नाही. शेवटचा चेंडू हवेत उंच गेला, कोप्कीने धापा टाकत तो झेलला आणि मैदानात सगळी टीम तेहादाच्या अंगावर पडली. लाकडी स्टँड असा हादरला की क्लबला पाडायला काही शिल्लक राहतंय की नाही असं वाटलं. मी ओरडत होतो. डोळ्यांना पाणी. धूळ फार होती.

मग भीत भीत बाकाकडे गेलो. म्हटलं, आता खाऊन टाकतील. तर डोलोरेसने मला मिठी मारली. म्हणाली, "अरे, आधी आम्ही घाबरलो. मग व्हर्लिन म्हणाला, काळजी करू नका, तेहादा आपटणार असं ग्लेन पहिल्या दिवसापासून म्हणतोय ना? ग्लेनने म्हटलेलं आजवर एक तरी खरं झालंय का? मग आम्ही निवांत."

सगळे हसले. व्हर्लिनही हसला, पण त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. बर्नाडीन परत शेजारी येऊन बसली.

आणि मग, कित्येक महिन्यांनी, अख्खी रांग माझ्याकडे वळली. पुढच्या वर्षी आपलं काय होईल, ते सांग म्हणाले. मी घसा साफ केला. मला अगदी आतून वाटत होतं की पुढच्या वर्षी ट्रॉफी आपलीच. इतकं खात्रीने मला कधीच वाटलं नव्हतं. तोंड उघडणार, तोच डोलोरेसने त्यावर हात दाबला. चारी बाजूंनी ओरडा, "शेवटचे येऊ म्हण! शेवटचे!"

नाही म्हणालो. कॉफी मागितली.

त्यांच्या असल्या खुळ्या समजुतींवर माझा विश्वास नाही. मी अभ्यास करून बोलणारा माणूस आहे. निदान इथं तरी स्पष्ट लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या सप्टेंबरला दाखवता येईल: पुढच्या वर्षी आपले हेरॉन्स

नको. राहू दे.