खाजणातल्या रिकाम्या जागा

॥ श्री ॥

वालावल,
ता. २ जुलै १९६१

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू विचारलं आहेस की पेरणीयंत्र बरं की आपल्या बापजाद्यांची मूठ? शेतकी कॉलेजची पदवी घेऊन आले, विकास गटात नोकरीला लागले, तरी या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. भरडावरची कोरडी जमीन एक सांगते, मळा दुसरं सांगतो, आणि खाडीकाठचं आपलं खाजण तर काही सांगायलाच तयार नाही.

तिन्ही ठिकाणी मी अर्धा तुकडा यंत्राने पेरला, अर्धा हाताने. आईने यंत्राला हळदकुंकू लावलं, भाई गावकरांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, सगळी मंडळी ‘होय महाराजा’ म्हणाली. भरडावर यंत्राच्या ओळी इतक्या देखण्या आल्या आहेत की बाबा रोज संध्याकाळी नुसते बघायला जातात. मळ्यात दोन्हीकडे सारखंच. पण खाजणात, दादा, मे महिन्यात तू हौसेने यंत्राला बसवून दिलेल्या नळ्या चिखलाने चोंदल्या. काडी घालून मोकळ्या कराव्यात, तर चार पावलांवर पुन्हा बंद. आता तो तुकडा खरूज झालेल्या कुत्र्याच्या पाठीसारखा दिसतो. शेजारी हाताने मूठ मूठ फोकलेलं मोड आलेलं बी मात्र दाट उगवलं आहे.

आमचे साहेब पाहायला आले ते बांधावरूनच. नाकाला रुमाल लावून मला म्हणाले, बाई, निकाल चांगला यायला हवा हं. जणू निकाल म्हणजे मी तळायची भजी! त्या रुमालाचीच मला किळस आली.

मथुराकाकी रोज येऊन बघून जाते. तिचा नवरा गेल्यापासून खाडीकाठचा तो एक कुणगा एवढीच तिची शेती. आपल्या खाजणात यंत्र यशस्वी झालं, तर पुढच्या वर्षी सगळ्या खाडीकाठाची पेरणी यंत्रानेच करायची असं गटाने ठरवलं आहे. म्हणून ती बघते, आणि म्हणून मला धास्ती वाटते.

बाबांचा खोकला बरा आहे. तुझ्या खोलीतल्या मंडळींना नमस्कार. माझ्यावरची माया खाजणातल्या भातासारखी विरळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुगंधा

॥ श्री ॥

मुंबई,
ता. ९ जुलै १९६१

चि. सुगंधा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. खोलीत मोठ्याने वाचलं. बाबली तर कुत्र्याच्या पाठीवर अजून हसतो आहे. मी मात्र हसलो नाही, कारण नळ्या माझ्या हातच्या आहेत. कारखान्यात फोरमनला मी सांगून बसलो आहे की माझ्या नळ्यांवर सरकारी शेती चालली आहे. तेव्हा शेतकीणबाई, दोष नळ्यांचा की तुमच्या चिखलाचा, हे नीट तपासून मग बोला. वापरणाऱ्याला नीट धरता आलं नाही की हत्याराला नावं ठेवायची, ही शिकलेल्यांची जुनी खोड.

थट्टा सोड. एवढ्यात कुणाला वाईट बोलू नकोस. भात उशिरानेही उगवतं. आईला लिहायला येत नाही, पण तिने कुणाकरवी तरी मला कळवलं की चेडवाचा तोंड सुकला आसा, जेवत नाय. जेवत जा गो. चतुर्थीला येतोच आहे. तोवर आमची आठवण जागती ठेव.

तुझा दादा,
गुरुदास

॥ श्री ॥

वालावल,
ता. २७ जुलै १९६१

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

शाईसुद्धा कडू लागावी अशा मनाने लिहिते आहे.

गटाच्या वर्गासाठी मी आठवडाभर कुडाळात होते. परत आले तर खाजणातला यंत्राचा तुकडा हिरवागार! तू म्हणालास तसं उशिराने उगवलं, असं मला खरंच वाटलं. मी वेड्यासारखी गावभर सांगत सुटले. साहेब धावत आले. या खेपेला रुमाल नव्हता, हार होता. माझ्या गळ्यात घातला, खाडीकाठाला यंत्र मिळालंच म्हणून समजा असं जाहीर केलं, आणि नऊ ऑगस्टला जिल्ह्याचे मोठे पाहुणे आणायचं ठरवून गेले. मी हार घालून उभी होते. आठवलं की अंगावरून गोगलगाय फिरल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी तण बेणायला उतरले. यंत्र दाणे एका ओळीत सुटे टाकतं. इथे ओळीबाहेर, जवळ जवळ, चार चार रोपं एका मुठीत उभी होती. लावणीचे चूड! आणि पलीकडे, हाताने फोकलेल्या दाट भातात, जागोजाग उपटल्याची भोकं.

आईला विचारलं. तिने लपवलंही नाही. मी कुडाळला गेल्यावर तिने चार बायका गोळा केल्या, दाट होतं तिथलं काढलं आणि उघडं होतं तिथे लावलं. वर म्हणाली, माझ्या चेडवाचा नाक चार लोकांत खाली जावचा काय? पाहुण्याच्या पानात जागा रिकामी ठेवतत काय, तशी शेतात कशी ठेवू? त्या चार बायकांत मथुराकाकी होती. स्वतःच्या हाताने चूड लावले आणि आता तीच मला म्हणते, गो बाय, तुझा यंत्र बरा आसा, माका पयला दी. मी समजावलं की ते यंत्राने उगवलेलं नाही. ती म्हणाली, उघडा पडला तर भरूचाच लागता, त्यात काय खोटा? यंत्राने पेरलं की खाजण एवढं उघडं पडतं की शेजारी दाट भात नसेल तर भरायला रोप आणायचं कुठून, हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना. तिच्या कुणग्याशेजारी तर खाडीच आहे.

साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी चहाची बशी पुढे सरकवली आणि म्हणाले, उगवलं आहे ना? मग ते मशागतीत धरा. असं म्हणून बिस्किट चहात बुडवलं. माणूस खोट्यावर इतक्या शांतपणे बिस्किट बुडवू शकतो हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. मला शिसारी आली, दादा. त्यांची, त्या हाराची, आणि तो अजून दाराच्या खिळ्याला टांगून ठेवणाऱ्या माझी. काय करू ते लिही. रागावलास तरी परका होऊ नकोस.

तुझी,
सुगंधा

॥ श्री ॥

मुंबई,
ता. २ ऑगस्ट १९६१

चि. सुगंधा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र खोलीत वाचलं नाही. एकट्याने वाचलं.

नळ्यांचं म्हणशील तर माझं नाक फार मोठं नाही, दोन दिवस बाबली चिडवील आणि विसरेल. मला आईची काळजी आहे. तिने तुझ्यासाठी कमरेत वाकून चिखलात दिवस काढला, आणि तू चारचौघांत म्हणणार की ते खोटं होतं? ती पुन्हा कुणाच्या दारात जाणार नाही. तुझी नोकरी अजून कायम झालेली नाही, साहेब तुला दूर बांद्याला धाडतील किंवा घरी बसवतील. पाहुणे येतील, चहा पितील, जातील. कापणी झाली की मथुराकाकीला सावकाश सांग. घाई करू नकोस, माझं ऐक. घरातली पहिली शिकलेली तू, आम्ही तुझ्याकडे मान वर करून बघतो, एवढं ध्यानात राहू दे.

तुझा दादा,
गुरुदास

॥ श्री ॥

वालावल,
ता. ८ ऑगस्ट १९६१

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. दोनदा वाचलं. मथुराकाकीला सावकाश सांगावं म्हणतोस, पण सांगून तिला पटत नाही. दिसलं तरच पटेल. आणि तोवर तिच्या नावावर यंत्र लिहिलेलं असेल.

आज सकाळी मी खाजणात उतरले आणि यंत्राच्या तुकड्यातले चूड उपटले. सगळे. सुटी रोपं होती तिथेच ठेवली. उपटलेलं फेकलं नाही. उभं भात फेकायची माझी छाती झाली नाही. जिथून काढलं होतं त्या भोकांत परत लावत गेले.

बांधावर गर्दी जमली. कुणीतरी म्हणालं की शिकान पिसावली, खुळी झाली. बाबा पाठ फिरवून घरी गेले. आई ओरडली, हुब्या भातार हात टाकतंस, पाप लागात गो! मी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात थांबले असते. एवढंच म्हणाले की आई, तुझ्या हातचं एकही रोप मी मारत नाही, जागेवर नेते आहे.

तिसऱ्या प्रहरापर्यंत तुकडा पूर्वीसारखा उघडा पडला. चिखल, पाणी, मधून मधून चार काड्या. मथुराकाकी सकाळपासून बांधावर बसून होती. तिने त्या उघड्या तुकड्याकडे पाहिलं, मग पाठीमागे वळून आपल्या कुणग्याकडे, मग त्याच्या पलीकडच्या खाडीकडे. नंतर पदर खोचत उठली आणि म्हणाली, माका नको गो बाय ह्यां. त्या तुझ्या भरडार जाऊंदे.

तेच मी लिहून साहेबांना पाठवलं आहे: भरडावर यंत्र घ्यावं, मळ्यात घेतलं नाही तरी चालेल, खाजणात नेऊ नये. पाहुणे उद्या येतील. हार मी गुरांना घातला. त्यांनीही खाल्ला नाही.

चतुर्थीला येशील तेव्हा नळ्यांसाठी हत्यारं घेऊन ये. भरडावर त्या छान चालतात, फक्त एक थोडी वाकली आहे.

आई जेवायला वाढेना, म्हणून मी पुन्हा खाजणाकडे गेले. थोड्या वेळाने मागे चिखलात पाय पडल्याचा आवाज आला. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून आई उभी होती. खाडीकडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली की थंय दोन चूड रवले. आणि वाकून तिने ते स्वतःच उपटले.

सर्वांस नमस्कार. नोकरी राहिली तर इथूनच लिहीन, गेली तरी इथूनच. तू आपला आहेस तसाच राहा.

तुझी,
सुगंधा