टाकी चौकातला लांब लाल दिवा

तीर्थस्वरूप भावोजी यांस,

बसच्या मागून दुसऱ्या खिडकीतून साष्टांग नमस्कार. (आठांपैकी चारच अंगं माझ्या ताब्यात आहेत, उरलेली शेजारच्या गृहस्थांच्या बॅगेखाली अडकली आहेत, तरी नमस्कार पूर्ण पोचला असं समजावं.) तुमची कंबर आता कशी आहे? ताई म्हणाली, उभं राहिलं की दुखते आणि बसलं की जास्त दुखते. ऐकून वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडी आपुलकीही वाटली, कारण आमच्या बसमधल्या सगळ्यांची हीच तक्रार आहे. अक्षर वाकडं आलंय ते खड्ड्यांमुळे. जिथे एकदम सुवाच्य होईल तिथे बस थांबली आहे असं समजा. (पत्राचा बराचसा भाग सुवाच्य आहे हे तुमच्या लक्षात येईलच.) फोनच करणार होतो, पण जे लेखी नाही ते घडलेलंच नाही, हे तुमचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे. म्हणून लेखी.

तर पत्रास कारण म्हणजे आभार. पाण्याच्या टाकीजवळच्या चौकातला सिग्नल तुम्ही अखेर सुधारलात. कुठल्या चौकात लाल दिवा किती सेकंद आणि हिरवा किती, हे ठरवणारा माणूस आपल्या घरात जावई म्हणून आला, याचा मला पहिल्यापासून अभिमान आहे. तो नुसता अभिमान न ठेवता मी त्याचा उपयोगही करून घ्यायला गेलो, हे खरं. सव्वा वर्षात तुम्हाला तीन पत्रं धाडली. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की एकशेचाळीस सेकंद लाल आणि पंचवीस सेकंद हिरवा, हा हिशेब ज्या माणसाने केला असेल तो नक्की चालत कामाला जात असणार. (तो हिशेब तुमचाच होता हे मला ताईने नंतर सांगितलं. माफी दुसऱ्या पत्रात मागितली आहे.) तिसऱ्यात तर लिहिलं होतं की या चौकात चार-चार लाल दिवे खाऊन मी म्हातारा होत चाललो आहे. तुम्ही बिचारे कंबर धरून तीन सकाळी त्या टाकीखाली उभे राहिलात, गाड्या मोजल्यात, तक्ते केलेत, वरून मंजुरी आणलीत. गेल्या सोमवारपासून आमची बस तो चौक अडतीस सेकंदांत ओलांडते. मी घड्याळ लावून पाहिलं.

आता तुम्ही विचाराल, की मग लॅबमध्ये लवकर पोचतोस ना? नाही. कोंडी गेली नाही भावोजी, ती फक्त पुढे सरकली. आधी आम्ही टाकीखाली अकरा मिनिटं उभे असायचो, आता पुलाच्या अलीकडे अकरा मिनिटं उभे असतो. तेवीस किलोमीटरला दोन तास लागायचे, ते अजूनही दोनच लागतात. माझ्या पुढच्या सीटवर स्वेटर विणणाऱ्या बाई बसतात, त्यांच्याकडे याचा पक्का पुरावा आहे. त्या सगळा रस्ता विणकामात मोजतात. टाकीपर्यंत मागची बाजू, टाकीपाशी एक बाही, पुढे गळा. सोमवारी टाकी आली आणि गेली, आणि त्यांच्या हातात बाहीची सुरुवातसुद्धा नव्हती. त्या अशा काही गोंधळल्या की पुलापाशी त्यांनी दोन्ही बाह्या विणून काढल्या. त्या पुलाच्या अलीकडे उजव्या खिडकीतून एक भिंत दिसते. भिंतीवर गादीची जाहिरात आहे, आणि गादीवर एक माणूस गाढ झोपला आहे. रोज अकरा मिनिटं त्याच्याकडे बघण्यासाठी मी पहाटे साडेपाचला उठतो.

पण माझं दुखणं ती भिंत नाही. आधी टाकीपाशी त्या खिडकीतून काय दिसायचं, ते तुम्हाला ठाऊक नाही. कुणालाच नाही.

त्यासाठी जरा मागे जावं लागेल. अण्णांची आणि माझी बोलचाल बंद आहे हे तुम्ही जाणताच; ताईने त्यापायी रविवारांची वाटणी करून टाकली आहे, एका रविवारी तुमच्याकडे अण्णा जेवायला, एका रविवारी मी. (माझ्या रविवारी भाजी जास्त तिखट असते, असा मला संशय आहे.) कारणही तुमच्या देखतच घडलं. मी कवळ्या बनवणारा माणूस, आणि माझ्या बापाच्या तोंडात दात नाहीत, हे मला बघवेना. मी म्हटलं, अण्णा, तुमची कवळी मी स्वतः करणार, कुणाला हात लावू देणार नाही. एका रात्री तुमच्याच घरी मुक्काम केला, सकाळी तुमच्याच टेबलावर त्यांच्या जबड्याचं माप घेतलं. मेणाची मऊ पट्टी हिरड्यांमध्ये धरून तोंड मिटायचं असतं. त्यावरून वरचा जबडा खालच्याला कुठे भेटतो ते कळतं. अण्णा शहाण्या मुलासारखे बसले होते. ते मेण मी डब्याच्या पिशवीत ठेवून तसंच बसने लॅबला नेलं, तीन आठवडे खपून कवळी केली, आणि ताईच्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर त्यांना दिली. त्यांनी ती दोन दिवस घातली, तिसऱ्या दिवशी काढून खणात टाकली, आणि म्हणाले, टोचते. मी म्हटलं, माझ्या हातची एकही कवळी आजवर परत आलेली नाही. ते म्हणाले, मग ही पहिली. आणि मी, तुमच्या, ताईच्या, दोन्ही भाच्यांच्या देखत बोलून गेलो, की कवळी सरळच आहे, तुमचा जबडाच वाकडा आहे.

बत्तीस वर्षं शहराच्या बसगाड्या चालवलेला माणूस. कुणाला वाकडं बोलला नाही, विनाकारण हॉर्न वाजवला नाही. (हॉर्न म्हणजे स्वतःची घाई दुसऱ्याच्या कानात ओतणं, हे त्यांचं म्हणणं.) ते उठले, चपला घातल्या आणि गेले. त्याला आता चौदा महिने झाले.

निवृत्तीनंतर ते शाळेची बस चालवतात; चार महिन्यांपूर्वी तिचा मार्ग बदलला. आता ते मुलांना घेऊन माझ्या उलट दिशेने येतात, आणि टाकीच्या चौकात त्यांचीही रांग अडते. मध्ये फक्त बुटका दुभाजक. दोन्ही रांगा मुंगीच्या पावलांनी सरकत असल्या की कधी ना कधी त्यांची ड्रायव्हरची खिडकी आणि माझी खिडकी समोरासमोर येते. हात लांबवला तर हाताला हात लागेल एवढं अंतर. पहिल्या दिवशी मी मोबाइलमध्ये डोकं घातलं (मोबाइल उलटा होता, हे स्वेटरवाल्या बाईंनी दाखवून दिलं), आणि अण्णा समोरच्या लाल दिव्याकडे असे बघत बसले, जणू तिथे काही बारीक अक्षरात छापलंय. असे बावीस दिवस गेले. तेविसाव्या दिवशी मला ताप आला आणि मी रजा घेतली. दुसऱ्या दिवशी गेलो तर काय, अण्णा आमच्या बसची एकेक खिडकी पुढून मागे तपासत होते. माझ्यापर्यंत नजर आली तशी ती झटकन लाल दिव्यावर गेली. आणि मग, आभाळात ढगाचा ठिपका नाही, काच लख्ख कोरडी, अशा वेळी त्यांच्या बसचा वायपर दोनदा फिरला.

मला त्या दिवशी कामात लक्ष लागलं नाही.

तेव्हापासून ते वायपर फिरवायचे आणि मी डबा वर करून दाखवायचो. बस्स, एवढंच. पण भावोजी, साडेपाचला उठायचा मला कंटाळा येईना. बायको म्हणाली, हल्ली तू गजराच्या आधी कसा उठतोस? मी म्हटलं, वयानुसार होतं. शिवाय त्या खिडकीचं मी घरात फार कौतुक करायचो, ते आणखी एका कारणासाठी. सीटखाली इंजिन आहे, त्यामुळे पायाशी ठेवलेला डबा दुपारपर्यंत गरम राहतो. लोक लॅबमध्ये थंडगार जेवतात आणि माझ्या भाजीतून वाफ निघते. ही बढाई मी तुमच्याकडेही मारली होती.

तीन आठवड्यांपूर्वी पहिल्या बाकावरच्या एका चिमुरडीने अण्णांना द्राक्षं दिली. अण्णांनी ती तोंडात टाकली आणि चावायला लागले. मी सवयीने त्यांच्या गालाकडे बघितलं आणि डब्याची पिशवी माझ्या हातातून खाली पडली. गाल भरलेले होते! त्यांनी कवळी घातली होती. माझी कवळी, खणातून काढून. कधीपासून घालत होते कोण जाणे. मी आनंदाने जवळजवळ खिडकीवर डोकं आपटलं. मग नीट बघितलं, तर ते फक्त डावीकडून चावत होते. द्राक्ष उजवीकडे गेलं की डोळा बारीक व्हायचा. धंद्यातल्या माणसाला एवढं पुरे: उजवीकडची खालची दाढ केसभर उंच राहिली आहे, तोंड मिटताना तीच आधी टेकते आणि हिरडीत रुतते. पण ती उंच राहिलीच कशी, हे काही सुचेना. पडलेली पिशवी उचलायला खाली वाकलो, डब्याला हात लागला, आणि हात भाजला.

तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या यायला दोन मिनिटं लागली. अण्णांच्या जबड्याचं मेण मी याच पिशवीत, याच सीटखाली, याच चौकातल्या चार लाल दिव्यांमध्ये शिजवत लॅबला नेलं होतं. लॅबमध्ये पोचल्यावर तपासायचं सोडून, उशीर झाला म्हणून तसंच कामाला घेतलं. गरमीने मऊ पडून मेण कलंडलं होतं. जबडा नव्हे.

मग मी काय केलं, ते तुम्ही हसणार नाही अशा बोलीवर सांगतो. घरी कॅलेंडरचं जुनं पान काढलं, त्याच्या पाठीवर जाड स्केचपेनाने लिहिलं: "उजवीकडे खाली टोचतं का?" त्याखाली आणखी दोन शब्द होते, ते इथे लिहीत नाही. लिहायला मला पंधरा दिवस लागले, पैकी चौदा त्या दोन शब्दांना. सोमवारी पान गुंडाळून बसमध्ये बसलो. टाकी दिसली तसं उलगडलं आणि दोन्ही हातांनी काचेला लावून धरलं. आणि बस थांबलीच नाही! हिरवा! पुढेही हिरवा! अण्णांची पिवळी बस समोरून आली तशी सर्रकन गेली, मला त्यांचा एक कान दिसला. माझा कागद वाचला तो चौकातल्या वाहतूक हवालदाराने. त्याने सावकाश वाचला, उजवा गाल चाचपून पाहिला, आणि मान हलवून नाही म्हणाला.

तर असं हे. तुमच्या कामाबद्दल तक्रार मुळीच नाही. चौक उत्तम चालतो, रुग्णवाहिका थांबत नाहीत, लोक तुम्हाला दुवा देतात (ते तुम्हाला ओळखत नाहीत, पण देतात). ताईला नमस्कार, भाच्यांना लाड. कंबर शेकत जा; शेकायला जागा नसेल तर आमची सीट आहे.

अजून पुलाच्या अलीकडेच असलेला,
तुमचा मेहुणा

ता. क. – खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. तो लाल दिवा पुन्हा एकशेचाळीस सेकंदांवर नेता येईल का? कायमचा नको, एकच आठवडा, आणि सकाळी आठ चाळीस ते आठ पंचावन्न एवढाच. माझी आधीची तीन पत्रं फाइलमधून काढून फाडून टाकलीत तरी चालेल. हे चौथं मात्र ठेवा.

ता. क. २ – पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं आहे. आत्ता ताईचा फोन येऊन गेला. ती म्हणते, काल अण्णांचा रविवार होता, आणि अण्णा जेवता जेवता तुम्हाला म्हणाले, जुना सिग्नल काय वाईट होता? आणि खिशातून चक्क लेखी अर्ज काढून तुमच्यापुढे ठेवला, की टाकीपाशी बस थांबायची तेव्हा मुलांचे पाढे पाठ व्हायचे, आता शिक्षणाचं नुकसान होत आहे, तरी लाल दिवा पूर्ववत लांबवावा. तुम्ही म्हणे तो आवक नोंदवहीत चढवलात आणि मला सांगायचं नाही असं ताईला बजावलंत. भावोजी, तुमच्या नियमांचा मला आदर आहे, पण पोळीचा घास कुठल्या बाजूने चावत होते, एवढं तरी बघायचं होतं.

ता. क. ३ – दोन्ही अर्ज फेटाळा. रुग्णवाहिका जाऊ देत. पुढचा रविवार माझा आहे, त्या दिवशी अण्णांनाही बोलवा. मी ती दाढ घासायचं यंत्र घेऊन येतो, पाच मिनिटांचं काम आहे. फक्त मी यायच्या आधी एक निरोप तेवढा पोचवा, कारण कागदावर लिहायलाच चौदा दिवस लागले, तोंडाने म्हणायला मला किती लागतील सांगवत नाही. त्यांना म्हणावं, जबडा सरळ आहे. माझं चुकलं.