तुझ्या वहीतलं दहावं वाक्य

प्रिय मास्तरीणबाई,

माझा फोन तू उचलत नाहीस, बरोबरच आहे. मीही नसता उचलला. म्हणून ही चिठ्ठी तुझ्या चष्मेवाल्या मैत्रिणीच्या हातात कोंबतोय. फाडायची तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून मग फाड.

मी सध्या वॉशिंग मशीन दुरुस्तीच्या दुकानात आहे. कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून मालक मला मुद्दाम 'प्रोफेसर' म्हणतात. कंपनीचं इंग्रजी पुस्तक आलं की हाक येते, 'प्रोफेसर, वाचा, काय म्हणतंय ते!' त्यात पानोपानी जर-तर. पाणी बाहेर पडत नसेल तर नळी तपासा. ड्रम फिरत नसेल तर पट्टा बदला. वाचताना तोंड कडू होतं. आपल्या इंग्रजीच्या सरांनी शिकवलेल्या जर-तरमध्ये बदलायला काही उरलेलंच नसायचं.

सरांची अट आठवते ना? 'असं केलं असतं तर तसं झालं असतं' अशी इंग्रजीत दहा वाक्यं, पश्चात्तापाची. पुस्तकातलं एकही चालणार नाही, स्वतःच्या आयुष्यातलं हवं. वहीला वीस गुण. त्या आठवड्यात तुझे बाबा दवाखान्यात आणि तू दिवसभर त्यांच्या उशाशी. मीच म्हटलं, आण वही, मी लिहितो. तू दमून हसलीस. म्हणालीस, 'माझ्याकडे चारच पश्चात्ताप आहेत रे, उरलेले सहा तूच शोध.'

नऊ वाक्यं शहाण्यासारखी लिहिली, तुझ्यासारखी गोल अक्षरं काढून. दहाव्याला डोकं फिरलं. लिहिलं, तो मला आधी भेटला असता, तर मी इतकी एकटी पडले नसते. तुझ्या मनात माझ्याबद्दल असं काही असावं, असं मला फार वाटायचं. विचारायची छाती नव्हती, म्हणून परस्पर तुझ्या वहीत लिहून टाकलं. तू न वाचता वही देऊन टाकलीस. इतका भरवसा होता तुझा.

सरांनी वर्गात नेमकं तेच मोठ्यानं वाचलं. मागच्या बाकावरून शिट्टी आली, कुणीतरी म्हणालं, 'तो कोण, नाव तरी सांग!' तू मान खाली घातलीस. मला वाटलं, आता आपणच वाचवायचं हिला. उठलो आणि ओरडलो, ती वाक्यं तिची नाहीत, वही मी लिहिलीय, हसता कशाला! सरांच्या हातातून वही ओढली, भिरकावली, दार आपटून बाहेर पडलो. परत वर्गात पाऊल टाकलं नाही. आई अजून विचारते, 'नक्की कोणावर रागावलास रे?' मी पान्हे पुसत बसतो.

परवा तुझी मैत्रीण आईचं मशीन घेऊन दुकानात आली तेव्हा कळलं. वही दुसऱ्यानं लिहिलेली म्हणून तुझे वीसच्या वीस गुण गेले, तू त्या विषयात अडकलीस, आणि शिक्षिकेच्या कोर्सचा प्रवेश त्यावर लटकलाय. तू मला दोषही दिला नाहीस म्हणे. द्यायचा होतास गं!

काल सरांच्या पाया पडलो. ते म्हणाले, 'उशीर केलास, बाळ. तिला पुन्हा लिहायला देता येईल, पण अर्ज तिचा हवा. तुझा कसा घेऊ? तू आता इथला विद्यार्थीच नाहीस.' मी भांडणारच होतो, पण भांडणार कोणाशी? दार मीच आपटलं होतं.

सोबतच्या कागदावर माझा जबाब आहे, सहीसकट. दवाखाना, वही, दहावं वाक्य, सगळं जसं घडलं तसं. तुझ्या अर्जाला जोड आणि गुरुवारी बारापर्यंत कार्यालयात दे. त्यानंतर घेत नाहीत. माझ्याकडून होण्यासारखं इतकंच होतं. मला माफ करू नकोस, उत्तरही नको. फक्त रागाच्या भरात हा कागद फाडू नकोस. तसलं करायला मी आहे.

कसंही असलं तरी तुझाच,
भडकू